अंगठेबहाद्दरांचा संकलक

सिनेमाच्या संकलकाला एक मोठं सुख असतं आणि बहुतेक वेळा त्याला त्याची कल्पनाही नसते. त्याच्या प्रेक्षकाचे हात रिकामे असतात. फार तर त्यांत पॉपकॉर्नचा पुडा असेल, नाहीतर शेजारच्या खुर्चीतला हात असेल. पण या दोन्हींपैकी काहीही दाबलं तरी पडद्यावरचा प्रसंग पुढे सरकत नाही. तिकिटाचे पैसे गेलेले, दिवे मालवलेले, बाहेर पडायचं तर आठ-दहा जणांच्या पायांवरून ‘सॉरी, सॉरी’ करत जायचं. अशा पुरत्या अडकलेल्या माणसाला नायिकेच्या डोळ्यांतलं पाणी हवा तितका वेळ दाखवता येतं. व्हिडिओ गेमच्या सिनेमॅटिक्सचा, म्हणजे खेळाच्या मध्ये येणाऱ्या सिनेमासारख्या प्रसंगांचा, एडिटर ज्याच्यासाठी रात्री जागवतो, तो माणूस मात्र सशस्त्र असतो. त्याच्या हातात कंट्रोलर, कंट्रोलरवर डझनभर बटणं, आणि त्यांतलं एक बटण एडिटरचं कित्येक महिन्यांचं काम अर्ध्या सेकंदात नाहीसं करण्यासाठीच राखून ठेवलेलं. तरीही या माणसाला लोक सिनेमाच्या संकलकाचा धाकटा भाऊ समजतात. ‘अजून सिनेमात जमलं नाही वाटतं?’ असं सहानुभूतीने विचारतात. माझं म्हणणं असं, की गेमच्या एडिटरचं मूळ काम प्रसंग सुंदर करणं हे नव्हेच. चालू खेळात खेळणाऱ्याच्या हातातली सत्ता काढून घ्यायची आणि आपला अपमान झाला हे त्याच्या ध्यानात यायच्या आत ती परत करायची, हे मूळ काम. कात्री, संगीत, क्लोज-अप, आसवं हे सगळं त्या दोन क्षणांच्या मधलं. घेणं आणि देणं जमलं तर मधला प्रसंग सुमार असला तरी खपतो. ते फसलं तर मध्ये सत्यजित राय आणून बसवले तरी लोक बटण दाबतात.

लग्नात मंगलाष्टकं म्हणणाऱ्याची आणि या एडिटरची स्थिती एकच. मंडळी जमली आहेत ती पंगतीसाठी. पण हे आटोपल्याशिवाय पंगत बसत नाही, हेही सगळ्यांना मान्य आहे. पाचव्या कडव्याला मागच्या रांगेतल्या अक्षता कंटाळून हवेत उडू लागतात, त्यात कडव्याचा दोष नसतो. हे गणित सुरुवातीच्या लोकांना बरोबर कळलं होतं. १९८० साली जपानच्या नाम्को कंपनीच्या तोरू इवातानींनी ‘पॅक-मॅन’ केला, तेव्हा काही फेऱ्या पार केल्यावर एक चिमुकला विनोदी प्रवेश दिसायचा: भूत पॅक-मॅनच्या मागे पळतं, आणि लगेच अवाढव्य झालेला पॅक-मॅन त्याच भुताच्या मागे. संपलं. घामेजलेला अंगठा पँटला पुसायला लागतो तेवढाच वेळ. पुढच्याच वर्षीच्या ‘डाँकी काँग’मध्ये माकड मुलीला घेऊन शिडीवर चढतं आणि आपल्याला कथानक, खलनायक आणि पुढचा सगळा कार्यक्रम समजतो. मग नव्वदच्या दशकात खेळांत कॉम्पॅक्ट डिस्क रूढ झाली, जागा मुबलक झाली आणि जागा मुबलक झाल्यावर माणसांचं जे होतं ते झालं. १९९४च्या ‘विंग कमांडर ३’मध्ये चक्क ‘स्टार वॉर्स’वाल्या मार्क हॅमिलला नायक करून खऱ्या माणसांचे प्रसंग चित्रित केले गेले. १९९७ची ‘फायनल फँटसी ७’ तीन डिस्क भरून आली. तिच्यातला नायक क्लाउड खेळताना अगदी ओबडधोबड, हाताला बोटंसुद्धा नसलेला. आणि मध्येच चित्रफीत लागली की त्याला चेहरा, केस, बोटं असं सगळं फुटायचं. पुन्हा खेळ सुरू, की बोटं जप्त.

बोटांची ही जप्ती लोकांनी आनंदाने सोसली. अकलेची जप्ती सोसणं जड जातं. खेळात तुम्ही तीनशे पहारेकरी लोळवता, गोळ्या पाठीवर झेलता, कड्यावरून उडी मारून उभे राहता. मग वरखाली दोन काळ्या पट्ट्या येतात, सिनेमॅटिक सुरू होतं, आणि तोच तुमचा नायक एका दारात बेसावध उभा राहतो. मागून तीनशे एकावा पहारेकरी येतो, बंदुकीचा दस्ता डोक्यात घालतो आणि नायक तळघरात शुद्धीवर येतो. खेळणारा ओरडत असतो, ‘अरे, मागे बघ!’ सिनेमात असं ओरडणारा प्रेक्षक भाबडा ठरतो. इथे तो तज्ज्ञ असतो, कारण गेले सहा तास मागे बघण्याचं काम त्यानेच केलेलं असतं. ‘फायनल फँटसी ७’मधला नायकाच्या सोबतिणीचा, एरिथचा मृत्यू हा या क्षेत्रातला सर्वांत गाजलेला प्रसंग. जगभरची मुलं त्यावर रडली. आणि रडता रडता त्यांच्या मनात एक शंका येत राहिली, की आपल्या पिशवीत फिनिक्स डाउनची इतकी पिसं पडलेली आहेत, लढाईत पडलेल्याला एका पिसाने उठवता येतं, मग हिलाच का नाही? कथालेखकाने हा तिढा केला, हिशेबनीसाने पिसं मोजून दिली, आणि दोघांच्या मध्ये एडिटर सापडला. त्याला एवढंच करता येतं, की दुःखाचा वेग असा ठेवायचा की पिशवीची आठवण प्रसंग संपल्यावर यावी.

आता प्रत्यक्ष कामाकडे बघू, कारण गंमत तिथे आहे. सिनेमात आधी चित्रण होतं, मग संकलक येतो. त्याच्यापुढे रशेसचा, म्हणजे कच्च्या चित्रणाचा, ढीग असतो आणि त्यातून तो काढतो. गेमसाठी आधीच तयार करून ठेवायच्या चित्रफितीत हे उलटं चालतं. एकेक फ्रेम संगणकाकडून रंगवून घ्यायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, त्यामुळे ‘चार कोनांतून घेऊन ठेवू, बघू नंतर’ ही चैन परवडत नाही. म्हणून एडिटर आधी कापतो आणि चित्र नंतर तयार होतं. सुरुवातीला त्याच्याकडे असतात पेन्सिलीने काढलेली चित्रं आणि ऑफिसातल्याच कुणीतरी सर्दी झालेल्या आवाजात म्हटलेले संवाद. राजा मरतो आहे, राणी आक्रोश करते आहे, आणि राणीच्या जागी लेखा विभागातला कुणीतरी बोलतो आहे. यावरून प्रसंग काळजाला भिडतो की नाही हे ठरवायचं. मग येतं अभिनयाचं ध्वनी-चित्र-हालचाल मुद्रण, म्हणजे परफॉर्मन्स कॅप्चर: अंगभर ठिपके लावलेले घट्ट पोशाख, डोक्याला बांधलेली आणि तोंडासमोर लोंबणारी कॅमेऱ्याची दांडी, हातात तलवारीऐवजी नळी. त्या दांडीमुळे प्रेमिकांना एकमेकांच्या जवळ जाता येत नाही. चुंबनाच्या वेळी दोन दांड्यांची टक्कर होते. एडिटरने यातला कोणता टेक घ्यायचा हे साक्षीला ठेवलेल्या साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यांची चित्रं बघून ठरवायचं. खरा कॅमेरा कुठे ठेवायचा हे अजून ठरलेलंच नसतं, कारण हालचाल एकदा संगणकात गेली की कॅमेरा कुठूनही लावता येतो: छतातून, कानामागून, तलवारीच्या टोकावरून. ऐकायला हे वरदान वाटतं. पण ज्या माणसाला जगातला कुठलाही कोन मिळू शकतो, त्याला ‘काय करणार, एवढंच मिळालं’ हे संकलकांचं सर्वांत लाडकं निमित्त कधीच सांगता येत नाही.

संकलनाच्या नियमांचं काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. वॉल्टर मर्च हे ‘द इंग्लिश पेशंट’साठी ऑस्कर मिळवलेले संकलक. कट कुठे घ्यावा याचे सहा निकष त्यांनी मांडले आणि वर थोड्या मिस्कीलपणे त्यांना टक्केही वाटून दिले: भावनेला ५१, कथेला २३, लयीला १०, प्रेक्षकाची नजर कुठे आहे याला ७, पडद्याच्या सपाट मांडणीला ५ आणि जागेच्या खऱ्याखुऱ्या भूगोलाला, म्हणजे कोण कुठे उभं आहे याला, अवघे ४. म्हणजे भावना साधत असेल तर खोलीतलं दार उजवीकडचं डावीकडे गेलं तरी चालेल. सिनेमात हे सोळा आणे खरं आहे, आणि त्याचं कारण असं की प्रेक्षकाला त्या खोलीत जायचं नसतं. गेममध्ये तो पुढच्याच सेकंदाला त्या खोलीत असतो आणि समोर ड्रॅगन असतो. शेवटच्या शॉटमध्ये ड्रॅगन उत्तरेकडून दाखवला आणि खेळाचा कॅमेरा दक्षिणेकडून उघडला, तर हृदयद्रावक प्रतिज्ञा करून झाल्यावर आपला नायक पहिलं काम काय करतो? पाठ फिरवून जोरात धावतो आणि दरीत पडतो. मर्चसाहेबांचे ते शेवटचे चार टक्के गेमच्या एडिटरसाठी प्रसंगाच्या अखेरच्या पाच सेकंदांत शंभर होतात. भावना, कथा, लय यांनी तेवढा वेळ बाजूला उभं राहायचं. म्हणूनच चांगल्या सिनेमॅटिकचा शेवटचा शॉट हळूच सरकत नायकाच्या खांद्यामागे येऊन थांबतो, काळ्या पट्ट्या विरतात, कोपऱ्यात प्राणांची पट्टी उगवते, आणि सोफ्यावरचा माणूस चहाचा कप खाली ठेवतो. हे इतकं सहज झालेलं असतं की कुणी त्याचं कौतुक करत नाही. प्रतिज्ञेचं करतात.

आणि हे सगळं पुन्हा कापलेलं कापलेलंच राहील अशीही खात्री नाही. आजकालची बरीचशी सिनेमॅटिक्स आधी तयार करून ठेवलेल्या चित्रफिती नसतातच. गेमचं इंजिन, म्हणजे खेळ चालवणारी आज्ञावली, ती खेळणाऱ्याच्या घरी त्या क्षणी रंगवतं. सिनेमाच्या संकलकाच्या आयुष्यात ‘पिक्चर लॉक’ नावाचा एक सोन्याचा दिवस येतो. त्यानंतर कुणी काही बदलायचं नाही. इथे कुलूप कसलं! एडिटरने मंगळवारी दोन सेनापतींची दालनातली बोलणी नीट बसवून दिली. बुधवारी खेळाच्या पातळ्या, म्हणजे लेव्हल्स, रचणाऱ्यांना वाटलं, इथे लढाईला जागा कमी पडते, आणि त्यांनी भिंत दहा फूट मागे नेली. गुरुवारी एक सेनापती भिंतीला टेकून न बोलता हवेला टेकून बोलू लागला. शिवाय खेळणाऱ्याने नायकाला काय घातलं असेल याचा नेम नाही. २००४च्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’मध्ये नायक सीजेला खाऊ घालून गलेलठ्ठ करता येत होतं आणि फक्त बदामांच्या छापाची चड्डी नेसवून हिंडवता येत होतं, टोळीच्या इमानाबद्दलची गंभीर बोलणी मग त्याच अवतारात पार पडायची. ‘द विचर ३’मध्ये नायक गेराल्टची दाढी खेळाच्या दिवसांगणिक वाढते, म्हणजे भावुक भेटीच्या क्लोज-अपमध्ये दाढी किती असेल हे एडिटरच्या हाती नसून न्हाव्याच्या हाती आहे. आणि कटचं अर्थशास्त्रच उलटं. सिनेमात कट म्हणजे सगळ्यांत स्वस्त गोष्ट. मुंबईवरून लंडनला जायला एक फ्रेम पुरते. चालू इंजिनात मात्र डोंगरापलीकडच्या किल्ल्यावर कट मारायचा तर तो किल्ला आधी स्मरणात आणून ठेवावा लागतो. नाहीतर पहिला क्षणभर किल्ला मेणासारखा वितळलेला दिसतो आणि मग त्याला एकेक बुरूज फुटतो. कॅमेरा अचानक दुसरीकडे गेला आहे हे इंजिनाला बजावून सांगावं लागतं. नाही सांगितलं तर त्याला वाटतं कॅमेरा प्रचंड वेगाने धावला, आणि ते इमानेइतबारे एक फ्रेम फरफटलेली दाखवतं. तात्पर्य, हा एडिटर कापण्यापूर्वी विचारतो, ‘परवडेल का?’

या घरोघरच्या रंगकामाची परमावधी २०१४ साली ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’मध्ये झाली. पॅरिस, राज्यक्रांती, मेणबत्त्यांचा उजेड, दोन जिवांची हुरहुर, आणि काही जणांच्या संगणकावर ऐन क्लोज-अपमध्ये चेहऱ्याची कातडीच आली नाही. हवेत दोन बुबुळं, दोन दंतपंक्ती आणि वर व्यवस्थित विंचरलेले केस. ही चित्रं जगभर फिरली. तक्रारी आल्या, दुरुस्ती झाली; पण संकलनाच्या दृष्टीने बघितलं तर कट अगदी जागच्या जागी होते. दात बोलत होते तेव्हा दातांवर, डोळे ऐकत होते तेव्हा डोळ्यांवर.

पुनरावृत्तीचा मामला आणखी निराळा. सिनेमातला प्रसंग माणूस एकदा बघतो, आवडला तर आपण होऊन दुसऱ्यांदा. गेममध्ये प्रसंगानंतर लढाई असते, लढाईत माणूस मरतो आणि प्रसंगाच्या आधी जिवंत होतो. २००२च्या पहिल्या ‘किंगडम हार्ट्स’मध्ये होलो बॅस्चनच्या किल्ल्यात रिकू नावाच्या प्रतिस्पर्ध्याशी होणाऱ्या लढाईपूर्वी एक लांबलचक प्रसंग होता आणि तो मूळ आवृत्तीत टाळता येत नव्हता. लढाई अवघड. मुलं मरत होती, प्रसंग बघत होती, मरत होती, बघत होती. पहिल्या वेळी जो विराम अर्थपूर्ण वाटला तो सातव्या वेळी अर्थहीन आणि अकराव्या वेळी व्यक्तिगत वैरासारखा वाटतो. खलनायकाचं भाषण पोरांना संवादासकट, श्वासासकट पाठ झालं. आता यात एडिटर कुठे चुकला? कुठेच नाही. त्याने तो प्रसंग पहिल्यांदा बघणाऱ्यासाठी उत्तम कापला होता. अकराव्यांदा बघणाऱ्यासाठी कसा कापतात हे संकलनाच्या कुठल्या पुस्तकात दिलेलं नाही. पुढच्या सुधारित आवृत्तीत प्रसंग टाळायची सोय आली. बटणाविरुद्ध गळा काढणाऱ्या एडिटरांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं: ते बटण कधीकधी त्यांचा लौकिक वाचवण्यासाठीही असतं.

इथे शहाणी माणसं म्हणतात, इतकी कटकट आहे तर मधला प्रसंग हवाच कशाला? सत्ता काढून घेऊच नका. व्हॉल्व कंपनीच्या १९९८च्या ‘हाफ-लाइफ’चा दाखला देतात. त्यात नायक गॉर्डन फ्रीमनच्या डोळ्यांतून कॅमेरा कधी हलत नाही, कट नाही, पट्ट्या नाहीत. शास्त्रज्ञ तुमच्यासमोर बोलतात आणि तुम्ही मोकळे. दाखला जोरदार आहे आणि गेमही अव्वल आहे. पण मोकळा सोडलेला माणूस काय करतो ते बघा. मानवजातीवरच्या संकटाचा खुलासा चालू असतो आणि फ्रीमनसाहेब टेबलावर चढून टुणटुण उड्या मारत असतात. २००४च्या दुसऱ्या भागात तर वस्तू उचलून फेकायची सोय झाली, म्हणजे प्रयोगशाळेतल्या हळव्या पुनर्भेटीच्या वेळी आपला मुका नायक कोपऱ्यात खोक्यावर खोकं रचत बसलेला. सत्ता काढून घेतली नाही हे खरं. पण प्रसंगही कुणी बघितला नाही. दुसरा तोडगा, प्रसंग चालू असतानाच मध्येमध्ये बटण दाबायला लावायचं. १९९९च्या ‘शेनम्यू’ने हे रूढ केलं आणि २००५च्या ‘रेसिडेंट इव्हिल ४’मध्ये त्याचा कळस झाला: क्राउझर या जुन्या साथीदाराशी चाकूची लढाई, जुन्या मैत्रीचे संवाद, आणि वाक्यावाक्याला ‘आत्ता दाब, नाहीतर मेलास’. अंगठा गुंतला, मान्य. पण मग नजर पडद्यावर उमटणाऱ्या बटणाच्या चिन्हावर खिळते. एडिटरने वेचून काढलेल्या चेहऱ्याच्या जागी गाढव लावलं असतं तरी चाललं असतं.

दुसरा आक्षेप जास्त भारदस्त. २०१८च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये दिग्दर्शक कोरी बार्लोग यांनी हट्टाने अख्खा खेळ एका सलग शॉटमध्ये केला. नायक क्रेटॉस मरण पावला किंवा तुम्ही नकाशा उघडला तर गोष्ट वेगळी. एरवी कट नाही. झालं, एडिटरची नोकरी गेली! पण सलग शॉटचा हा हट्ट जुनाच आहे. हिचकॉकने १९४८मध्ये ‘रोप’ केला, तेव्हा कॅमेऱ्यातली फिल्म दहाएक मिनिटांत संपायची, म्हणून तो कुणाच्या तरी पाठीवर कॅमेरा नेऊन चोरून जोड देत असे. एका पात्राची पाठ संकलकाचं पोट भरत होती. क्रेटॉसच्या खेळात हे काम डोंगरातल्या फटी करतात. क्रेटॉस आणि त्याचा मुलगा अरुंद कपारीतून अंग चोरून पुढे सरकतात, आपल्याला वाटतं काय अवघड वाट आहे, आणि तेवढ्यात पलीकडचा प्रदेश यंत्राच्या स्मरणात चढत असतो. पण याहून मोठी गंमत अशी, की कट काढून टाकल्यावर कंटाळवाणा भाग कापायची सोयच राहत नाही. या तीरावरून त्या तीराला जायचं तर नाव वल्हवावीच लागते. म्हणून नावेत गोष्टी सांगितल्या जातात. आणि खेळणाऱ्याला मध्येच एखादं बेट दिसलं, तो उतरला, तर गोष्ट सांगणारा वाक्य आवरतं घेतो, राहिलेलं नंतर सांगतो म्हणतो; तासाभराने पुन्हा नावेत बसलं की तिथूनच धागा उचलतो. हे काय आहे? हे संकलनच आहे. प्रत्येक गोष्टीला कुठे तोडलं तरी सावरता येईल असा तुटण्याचा आणि जुळण्याचा शब्द आधीच रेकॉर्ड करून ठेवावा लागतो. कट गेला नाही. तो एडिटरच्या हातून निघून अंगठ्याकडे गेला, आणि अंगठा कुठेही कापू शकतो हे गृहीत धरून तयारी करणं नेहमीच्या कापाकापीपेक्षा कैक पटींनी किचकट.

राहता राहिले लांबलचक प्रसंगांचे दिग्दर्शक हिदेओ कोजिमा. त्यांचे भक्त म्हणतील, तुमचा हा अंगठ्याचा सिद्धान्त ठीक, पण २००८च्या ‘मेटल गिअर सॉलिड ४’मध्ये एकेक प्रसंग अर्ध्या तासाच्या घरात जातो, शेवट तर तासाहून अधिक चालतो, आणि लोकांनी कंट्रोलर मांडीवर ठेवून तो डोळ्यांत पाणी आणून पाहिला. खरं आहे. त्या शेवटाला उभं राहून नमस्कार करावा. बसून केला तर झोप लागण्याचा संभव. पण कोजिमांनाही अंगठ्याची भीती होतीच, फक्त त्यांनी ती चलाखीने हाताळली. मोहिमेपूर्वीच्या प्रदीर्घ चर्चांच्या वेळी तुम्हाला एक छोटा यंत्रमानव देऊन ठेवला आहे; मोठी माणसं राजकारणावर बोलत असताना तुम्ही तो विमानात इकडेतिकडे फिरवायचा. घरातल्या बैठकीत लहान मुलांना गाडी देऊन बसवतात त्यातलाच हा प्रकार. आणि अंकांच्या मध्ये खेळ यंत्रावर उतरवून घ्यायला काही मिनिटं लागायची, तेव्हा पडद्यावर काय? म्हातारा नायक स्नेक सिगारेट ओढत उभा, आणि सोबत धूम्रपानाच्या दुष्परिणामांची सूचना. निव्वळ थांबायला लावणं हेसुद्धा ज्या माणसाने प्रवेश म्हणून रचलं, त्याला सत्ता काढून घेण्याचं शास्त्र कळत नव्हतं असं कोण म्हणेल? भक्त बसून राहिले ते प्रसंग लांब होते म्हणून नव्हे, तर लांब होतील हे त्यांना १९९८च्या पहिल्या भागापासून ठाऊक होतं म्हणून. कंट्रोलर त्यांनी आपण होऊन खाली ठेवला होता.

रिकाम्या हातांच्या प्रेक्षकासाठी काम करण्याचं सुख गेमच्या एडिटरला एकाच ठिकाणी मिळतं, जाहिरातीच्या ट्रेलरमध्ये. तिथे अजून खेळ विकत घेतलेला नसतो, अंगठा शस्त्रहीन असतो. २०११मध्ये ग्लासगोच्या ॲक्सिस ॲनिमेशनने ‘डेड आयलंड’साठी केलेला ट्रेलर आठवा: सुट्टीवर आलेलं कुटुंब, हॉटेलच्या खिडकीतून खाली पडणारी मुलगी, आणि काळ उलटा चालवून हळूहळू उलगडत नेलेली शोकांतिका. कान लायन्सच्या जाहिरात महोत्सवात त्याला सुवर्णपदक मिळालं. लोक हळवे होऊन खेळ घ्यायला धावले आणि घरी आणून उघडला तर त्यात वल्ह्याने प्रेतांची टाळकी फोडायची होती. लोक फसवणूक झाल्यासारखे चिडले. याला फसवणूक म्हणवत नाही. संकलकाला एकदाच मोकळा हात दिला की तो काय करू शकतो, याचा तो पुरावा होता. नंतर कुणी तसा हात दिला तर शपथ.

पैशाचा प्रश्न काढणारे काढतातच. ठिपक्यांचे पोशाख सगळ्यांना कुठे परवडतात? पण तंगीतच हे काम काय आहे ते नीट दिसतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये ‘राजी’ आणला: हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, आणि तिच्याबद्दल आपसांत बोलणारे विष्णू व दुर्गा. यातल्या मधल्या प्रसंगांना चेहऱ्यांचं बारीक काम नाही. ते छायाबाहुल्यांच्या ढंगाने केले आहेत. सपाट आकृत्या, मागे उजेड, थोडकी हालचाल. त्यात कातडी गळून दात उरण्याचा धोका नाही, नायिकेने काय नेसलं आहे याची पंचाईत नाही, आणि पाहणाऱ्याला पहिल्या क्षणीच कळतं की आता कथा चालू आहे, हात जोडून बसा. बाहुली पडद्याआड गेली की हात सोडा. घेणं-देणं स्वच्छ.

शेवटचा आक्षेप यंत्राचा, जो हल्ली प्रत्येक धंद्यात शेवटी येतोच. ‘द विचर ३’मध्ये संभाषणं इतकी होती की सीडी प्रोजेक्ट रेडच्या मंडळींनी कॅमेरे आणि हातवारे यांची पहिली मांडणी आपोआप करणारी प्रणाली बांधली, माणसांनी नंतर तिच्यावर हात फिरवला. मग हात फिरवणारा तरी किती दिवस लागेल? यंत्राला हा बोलला की याच्यावर, तो बोलला की त्याच्यावर एवढं उत्तम जमतं, आणि खरं सांगायचं तर कित्येक मालिकांचे एडिटर यापलीकडे गेलेले नाहीत. पण समोरच्या माणसाचा अंगठा कधी शिवशिवायला लागेल हे त्याला सांगता येत नाही. अर्थात त्याचीही नोंद ठेवता येते: कोणत्या प्रसंगात, कितव्या सेकंदाला बटण दाबलं गेलं. सिनेमाच्या संकलकाला समीक्षक मिळतात, ते निदान विशेषणं वापरतात. याला थेट सेकंद मिळतो. तो आकडा बैठकीत ठेवला, की कुणीही ‘प्रसंग छोटा करू’ असं म्हणत नाही, कारण त्यासाठी आता पैसे उरलेले नसतात. ठरतं असं, की बटण नुसतं दाबून चालणार नाही, दाबून धरावं लागेल, आणि धरून ठेवेपर्यंत कोपऱ्यात एक वर्तुळ हळूहळू भरत जाईल. मग ते वर्तुळ नीट दिसावं म्हणून एडिटरला निरोप येतो, की मरणाऱ्या राजाला जरा डावीकडे सरकवा. तो सरकवतो. राजाकडे कुणी बघत नाही. वर्तुळ मात्र सगळेजण पूर्ण भरेपर्यंत बघतात, आणि त्याची लय उत्तम साधली आहे असं म्हणतात.